काळ्या कोपऱ्यातला राजा

आमच्या बुद्धिबळ क्लबचा हॉल गच्च भरला होता, पण कोणी खोकतसुद्धा नव्हतं. मधल्या टेबलावर पट मांडलेला होता. एका बाजूला माझी ताई बसली होती आणि समोरची खुर्ची रिकामी होती, कारण तिच्याविरुद्ध यंत्र खेळत होतं. यंत्राकडे राजा, एक उंट आणि एकाच काठावर एकामागे एक अशी तीन प्यादी. ताईकडे एकटा राजा. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर यंत्र किती पुढे आहे ते सांगणारा आकडा चमकत होता, सहाच्याही वर. आमच्या खेळात यंत्राने तीनचा आकडा दाखवला की शहाणा माणूस हार मानून समोरच्याशी हात मिळवतो आणि घरी जाऊन जेवतो.

टेबलाकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड करून अभेद्यबाबा बसला होता. लोक त्याला अहो-जाहो करत. मला ते जमत नाही. त्याने पट एकदाही पाहिला नव्हता. ताईने स्वतःच्या हाताने पिशवीतून एक कार्ड काढलं होतं आणि त्यावरच्या चित्राप्रमाणे स्वतःच सोंगट्या मांडल्या होत्या. 'आपला किल्ला आपल्या हातानं बांधायचा,' असा बाबाचा नियम होता. मांडून झाल्यावर बाबा मान न वळवता म्हणाला होता, "बरोबरी. हा किल्ला अभेद्य आहे."

आता तो म्हणाला, "राजा हलव, माय. कोपऱ्याचं घर आणि त्याच्या शेजारचं. या दोन घरांबाहेर पाऊल नको. यंत्राला येऊ दे अंगावर."

ताईने राजा हलवला. यंत्राची चाल पडद्यावर उमटली आणि क्लबच्या चिटणीसांनी ती पटावर करून दाखवली. पुन्हा ताई, पुन्हा यंत्र. उंट इकडून तिकडे धावला, यंत्राचा राजा पुढे आला, मागे गेला. पडद्यावरचा आकडा जागचा हलेना, आणि ताईचा राजाही मरेना. शेवटी नियमाप्रमाणे ठरलेल्या चाली संपल्या आणि पडद्यावर शब्द आला: बरोबरी.

सगळ्या हॉलने एकदम श्वास सोडला.

"यंत्र काय म्हणत होतं?" बाबाने विचारलं.

"मी हरणार," ताई म्हणाली.

"हरलीस?"

"नाही."

"यंत्र मोजतं, माय. मोजणं म्हणजे पाहणं नव्हे. आता सांग, तुझ्या पोटातला तो फुगा कोणी पाहिला?"

ताई म्हणाली, "यंत्रानं."

बाबाला पुढे बोलायची गरजच नव्हती. 'म्हणजे तेही चुकलं असेल,' हे पुढचं वाक्य ताईच्या चेहऱ्यावर उमटलेलं मला शेवटच्या रांगेतून दिसलं.

ताईच्या पोटातून जाणारी मोठी रक्तवाहिनी एका जागी फुगली होती. भलत्याच तक्रारीसाठी तपासणी केली आणि हे सापडलं. दुखणं नाही, खुपणं नाही. सर्जन बाईंनी चित्रात तो फुगवटा दाखवला आणि शांतपणे सांगितलं की भिंत पातळ होत चालली आहे, लवकरात लवकर ऑपरेशन करू. फुटला तर दवाखान्यात पोचेपर्यंतसुद्धा वेळ मिळत नाही. तोवर जड उचलायचं नाही, जोर लावायचा नाही, रक्तदाब चढू द्यायचा नाही.

त्या दिवसापासून ताई शिंकली तरी मी हातातलं काम टाकून तिच्याकडे बघायचे. फोन वाजला की आधी भिंतीला हात टेकायचा आणि मग उचलायचा, अशी मला सवय लागली. ताई जिना चढायला लागली की मी मागून चालायचे, जणू काही पडली तर झेलणारच होते. ती माझ्यापेक्षा बारा किलोंनी जड आहे.

आणि ताई बाबाकडे गेली. ज्याचा राजा पटावर वाचला त्याचं रोगही काही वाकडं करू शकत नाही, असं तो सांगायचा. एकदा त्या पटावर तिचा राजा वाचला आणि तिने ऑपरेशनची तारीख रद्द केली.

या बाबाबद्दल थोडं सांगते. आधी तो पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचा. तेव्हा यंत्रावर त्याची फार श्रद्धा होती. बुद्धिबळ मात्र त्याला खरोखर येतं, हे कबूल केलं पाहिजे. आमच्या क्लबाच्या हॉलमध्ये तो आला तेव्हा चिटणीसांनी त्याला हौसेने एक संध्याकाळ दिली, मग दोन, मग सगळ्याच.

आणि आमच्या क्लबासारखी सुपीक जमीन त्याला दुसरीकडे मिळाली नसती. मी इथे मुलांना शिकवते. इथे भिंतीवर कायम तो पडदा चालू असतो. पटाखाली तारा आहेत. सोंगटी कुठे ठेवली ते यंत्राला आपोआप कळतं आणि लगेच आकडा येतो. मूल चाल करतं आणि पटाकडे न पाहता पडद्याकडे पाहतं. आकडा वाढला की आईबाप खूश, उतरला की मुलाच्या डोक्यात टपली. चाल का चांगली, का वाईट, हे कोणी विचारत नाही. इतकी वर्षं ज्यांनी आकड्याला देव मानलं, त्यांच्यासमोर एक माणूस येतो आणि त्या देवालाच सपशेल खोटं पाडतो. मग ते काय, विचार करायला लागतात? छे. देव्हारा तोच, फक्त मूर्ती बदलली.

मी ताईच्या घरी गेले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर छोटा पट मांडला आणि बाबाची युक्ती सांगायला सुरुवात केली. तिने सगळ्या सोंगट्या गोळा करून डब्यात भरल्या.

"तुझं बुद्धिबळ मला नको शिकवूस," ती म्हणाली. "मी खेळले ना स्वतः? माझ्या हातानं मांडलं. माझ्या हातानं कार्ड काढलं."

"ताई, तो एका खेळाचा नियम आहे. तुझ्या पोटाशी त्याचा काय संबंध?"

"यंत्र चुकतं की नाही?"

"चुकतं."

"मग झालं तर."

भावजी मला दारापर्यंत सोडायला आले. हळूच म्हणाले, "अगं, ती जेवायला लागली आहे. झोपते. इतके दिवस नुसती छताकडे बघत पडायची. आता हे तिच्याकडून काढून घ्यायचं म्हणतेस?"

आमची आई ऑपरेशनला आत गेली आणि बाहेर आली ती चादर ओढलेली. ताई तेव्हा अठरा वर्षांची होती, ती दाराबाहेर उभी होती. तिला बाबा पटला होता असं नाही. तिला ते दार नको होतं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण काडी विकणारा काठावर दुकान मांडून बसलेला असतो, हे कोणी सांगत नाही.

पुढच्याच आठवड्यात गाडी शिकवणारा मास्तर गेला. आमच्याच गल्लीतला हसरा, जाडसर माणूस. हृदयाच्या गोळ्या चालू होत्या. बाबाच्या पटावर त्याचाही राजा वाचला आणि त्याने गोळ्या सोडल्या. शिकाऊ मुलगी गाडी चालवत होती, हा शेजारी बसलेला. तिला वाटलं, मास्तर डुलकी घेताहेत.

आता तरी लोक थबकतील असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये कुजबुज चालली होती ती अशी: "त्यांनी म्हणे घरी जाऊन दुसऱ्या पटावर तोच डाव मांडून पाहिला. संशय घेतला. संशयानं तटाला भगदाड पडतं." जिवंत राहिलात तर बाबाची कृपा, मेलात तर तुमचा दोष. असा धंदा पाणी शुद्ध करण्यात कुठून मिळणार?

त्या दिवशी ताई हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसली होती. मास्तरची बातमी ऐकून तिचा चेहरा उतरला होता, आणि तिने बाबाला विचारलं, "मी परत एकदा खेळू का?" म्हणजे तिलाही शंका होती, आणि शंकेचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटत होती. मला मात्र दुसरीच भीती. हिला इथे, लोकांसमोर, धक्का बसला तर? रक्तदाब चढू द्यायचा नाही. मी जे करणार होते त्यानेच तो फुगा फुटला तर? मी भावजींना बाहेर गाठलं. ताईने रक्तदाबाची गोळी घेतल्याची खात्री केली आणि तिच्या शेजारी बसून तिचा हात धरून ठेवायला सांगितलं.

"काय करणार आहेस?" त्यांनी विचारलं.

"हरणार आहे," मी म्हणाले.

मी आत जाऊन बाबासमोर उभी राहिले. छातीत धडधडतं, झोप लागत नाही, किल्ला हवा, असं सांगितलं. यातला एकही शब्द खोटा नव्हता. बाबा खुलला. खुद्द क्लबची शिक्षिका शरण आली म्हणजे जाहिरातच की.

"काढ कार्ड, लेकी," तो म्हणाला आणि भिंतीकडे वळला.

मी कार्ड काढलं. उंट आणि काठाची प्यादी, मला हवं होतं तसंच. पण मला आश्चर्य वाटलं नाही. त्या पिशवीतली निम्मी कार्डं तशीच होती. मी सोंगट्या मांडल्या. राजा, राजा, तीन प्यादी. उंट मात्र चित्रात होता त्याच्या शेजारच्या घरात ठेवला. एकच घर बाजूला. चिटणीस माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते आणि पडद्याकडे पाहत होते. सगळा हॉल पडद्याकडे पाहत होता. पटाकडे कोण पाहतं?

मी खुर्ची पुढे ओढून बसले.

"बरोबरी," बाबा भिंतीला म्हणाला. "मला दिसतो आहे तुझा किल्ला. काय तट आहे, काय बुरूज आहे. यंत्राने डोकं आपटून घ्यावं. अभेद्य."

डाव सुरू झाला. मी नियम पाळून कोपरा आणि त्याच्या शेजारचं घर, एवढंच करत राहिले. यंत्राचा राजा चालत जवळ आला. एक प्यादं पुढे आलं आणि माझ्या राजाला शह बसला. मी कोपऱ्यात सरकले. मग उंट पटाच्या मधोमध आला आणि तिथून थेट कोपऱ्यापर्यंत तिरका रस्ता मोकळा होता. शेजारच्या घरावर प्याद्याची नजर, बाकी घरांवर राजाची. पडद्यावर शब्द आला: मात.

मी पहिल्या रांगेकडे पाहिलं. ताईने भावजींचा हात दोन्ही हातांनी धरला होता आणि ती पांढरी पडली होती. ती श्वास घेते आहे ना, एवढंच मी पाहत होते.

"काय झालं?" बाबाने विचारलं. मग त्याने इतक्या दिवसांत पहिल्यांदा पटाकडे मान वळवली. पटावर एक नजर टाकली आणि ओरडला, "उंट चुकीच्या घरात ठेवला आहे हिनं!"

"हो," मी म्हणाले. "मुद्दामच ठेवला. तुम्हाला न पाहता दिसतो ना पट? तट दिसला, बुरूज दिसला. एवढा मोठा उंट कसा नाही दिसला?"

मागच्या रांगेत कोणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"ही लबाडी आहे. हिच्या मनात पाप आहे, म्हणून पट विटाळला."

नाचता येईना, अंगण वाकडं. मी चिटणीसांना पिशवी उलटी करायला सांगितलं. ते घुटमळले. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांनाही कळत होतं. पण आता सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर होत्या. त्यांनी पिशवी टेबलावर रिकामी केली.

"एक तरी कार्ड असं दाखवा," मी लोकांना म्हणाले, "ज्यावर बाबांनी बरोबरी सोडून दुसरं काही सांगितलं असेल. कधी म्हणाले का, हा डाव हरलेला आहे? पिशवीत सगळे बरोबरीचेच डाव असतील तर न पाहता बरोबरी सांगायला सिद्धी लागत नाही. पाठ फिरवून बसायला मजबूत खुर्ची लागते, बस."

"पण यंत्र का फसतं?" चिटणीसांनी विचारलं. "आकडा तर आपण रोज बघतो."

मी उंट उचलून कार्डावरच्या जागी, पांढऱ्या घरात ठेवला. "हा उंट तिरका चालतो. पांढऱ्या घरावरून निघाला तर जन्मभर पांढऱ्याच घरांवर राहणार. आता कोपऱ्याचं घर बघा. कोणत्या रंगाचं आहे?"

"काळं," ताई म्हणाली. सगळ्या हॉलमध्ये ती एकटीच बोलली.

"काळं. म्हणजे हा उंट तिथे बसलेल्या राजाला शह देऊच शकत नाही. आज नाही, हजार चालींनंतरही नाही. काठाच्या प्याद्यांना वजीर व्हायला हेच घर गाठावं लागतं, दुसरीकडून वाटच नाही. हे आपल्याला एका वाक्यात कळलं. यंत्र असा विचार करत नाही. ते चालत चालत बघतं: ही चाल, मग ती चाल, मग ती. जिथे थांबतं तिथे सोंगट्या मोजतं. माझ्याकडे उंट आहे, तीन प्यादी आहेत, समोर काही नाही, म्हणजे मी जिंकतोय. कितीही पुढे चाललं तरी मोजणी तीच येते. 'इथे कधीच काही घडणार नाही' हे चालून सापडत नाही, त्यासाठी थांबून कारण शोधावं लागतं. नव्या यंत्रांना थोड्या सोंगट्यांचे सगळे डाव पाठ करून दिलेले असतात, ती इथे फसत नाहीत. आपलं यंत्र जुनं आहे. बाबा नव्या यंत्रासमोर का बसत नाहीत, ते त्यांनाच विचारा."

मग मी तोच उंट एक घर सरकवला. "आणि हा काळ्या घरांचा. बाकी सगळं तेच. इथे यंत्राचा आकडा खरा आणि किल्ला खोटा. रोग कोणत्या घरात बसलाय हे न बघता जो 'अभेद्य' म्हणतो, त्याच्या भरवशावर मास्तरने गोळ्या सोडल्या."

बाबा उठला. जाताना म्हणाला, "यंत्र चुकतं, हे तर तूच सिद्ध केलंस, लेकी." आणि खरं सांगते, त्या वाक्याला दहा-बारा माना हलल्या. त्यातले काहीजण त्याच्या मागोमाग गेलेही. तो आता दुसऱ्या कुठल्या तरी हॉलमध्ये भिंतीकडे तोंड करून बसलेला असेल.

जिन्यात ताई थांबली. कठड्याला धरून उभी राहिली.

"म्हणजे मला किल्ला नव्हताच."

"नव्हता, ताई."

"तो म्हणाला ते पण खरंच ना? यंत्र चुकतं."

"चुकतं. पण खेळणारं यंत्र पुढचं भविष्य सांगत होतं. दवाखान्यातल्यानं भविष्य नाही सांगितलं, आत काय आहे त्याची रुंदी मोजली. तेही चुकू शकतं. मग दुसऱ्या यंत्रावर मोजू, दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. चुकलं असेल म्हणून मोजायचंच नाही, हे कुठलं शहाणपण?"

तिने कठडा सोडला. मग म्हणाली, "मला फार भीती वाटतेय गं."

"मलाही," मी म्हणाले. आम्ही दोघी पायरीवर बसलो आणि ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. तिचं प्रत्येक हुंदक्याने हलणारं पोट बघून मी तिला रडू नकोस म्हणत होते, आणि स्वतः रडत होते.

आम्ही दुसरीकडे मोजून घेतलं. फुगवटा होता तिथेच होता, थोडा वाढलेला. मग आम्ही पुन्हा सर्जन बाईंसमोर बसलो. ताईने त्यांना विचारलं, "डॉक्टर, तुमचं कधी चुकलंय?"

सर्जन बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"हो," त्या म्हणाल्या. "याच ऑपरेशनमध्ये. एक पेशंट टेबलावरच दगावले. त्यानंतर आम्ही काय बदललं ते सांगते. आणि तुमच्या बाबतीत काय बिघडू शकतं, तेही सांगते. ऐकायचं आहे का?"

ताईने सगळं ऐकलं. मधे दोनदा पाणी प्यायली. शेवटी म्हणाली, "कधी करायचं?"

ऑपरेशनच्या दिवशी दार लागलं तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती. भावजी खुर्चीत बसून एकच बटण काढत-लावत होते. मला मोजायला आकडे नव्हते, बघायला पडदा नव्हता. असे तास मी कोणाच्या वाट्याला येऊ नयेत म्हणते. सर्जन बाई बाहेर आल्या आणि टोपी काढून म्हणाल्या, "भिंत फार पातळ झाली होती. महिनाभर टिकली असती असं मला वाटत नाही. आता त्या ठीक आहेत."

वाचकहो, माझं म्हणणं साधं आहे. यंत्रावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, आणि यंत्र चुकतं म्हणून बाबावरही ठेवू नका. जो कोणी तुम्हाला खात्री देतो, त्याला विचारा: तुमचं कुठे चुकतं, आणि ते आम्हाला कसं कळेल? ज्याच्याकडे याचं उत्तर आहे त्याच्याकडे जा, तिथे कितीही भीती वाटली तरी. भीती वाटणं हा गुन्हा नाही. ती घेऊनही माणूस योग्य दारातून आत जाऊ शकतो.

शुद्धीवर आल्यावर ताईने डोळे उघडले, मला पाहिलं आणि पुटपुटली, "मी बाहेर आले का?"

"आलीस," मी म्हणाले.

"तू दाराबाहेरच उभी होतीस?"

"हो."

"मला माहितीये कसं वाटतं ते," ताई म्हणाली, आणि तिने माझा हात धरला.